शिफारस म्हणजे जामीनकी

बँकेच्या नोकरीत जामीनदारांच्या सह्या मी हजारोंनी पाहिल्या. काही जण कर्जदाराची चौकशी करून, अटी वाचून सही करीत. बरेच जण निव्वळ भिडेखातर करीत आणि पुढे पस्तावत. निवृत्तीनंतर हा विषय आपल्यापुरता संपला, असे मी समजत होतो. परंतु गेली काही वर्षे आम्ही सहा-सात स्नेही महिन्याच्या अखेरच्या रविवारी एकत्र बसून पियानोची ध्वनिमुद्रणे ऐकतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक मुद्रण आणावयाचे, ते का आणले हे थोडक्यात सांगावयाचे आणि इतरांस ऐकावयास द्यावयाचे, एवढाच परिपाठ. या बैठकीतच मला जामीनकीचा अर्थ पुन्हा एकदा शिकावा लागला.

आमच्यापैकी एक कापडाचे व्यापारी, एक निवृत्त शिक्षिका, एक पियानो शिकणारी महाविद्यालयीन मुलगी आणि बाकीचे आम्ही पेन्शनर. मला या वाद्याची गोडी लागली ती उमेदीच्या वयात. मुंबईत बदली झाली असता वांद्र्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि शेजारच्या घरात रोज सायंकाळी पियानोची शिकवणी चाले. आपल्या कानाला हे वाद्य प्रथम कोरडे वाटते. पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी तारेवर आपटते. उमटलेला स्वर त्या क्षणापासून विरत जातो. त्याला वाढवता येत नाही, वळवता येत नाही. मींड तर दूरच. मग ८८ पट्ट्यांच्या या वाद्यावर एक वादक दुसऱ्याहून वेगळा कसा वाटावा? तो वेगळा वाटतो बोटांच्या वजनाने, दोन स्वरांमध्ये सोडलेल्या अवकाशाने, पायाखालच्या पेडलने आणि मुख्यतः वेळेच्या हिशेबाने. लिहिलेली रचना तीच असते; तिचा खर्च कोण कसा करतो, हे ऐकावयाचे असते.

म्हणूनच या प्रांतात नुसत्या रचनेचे नाव सांगून भागत नाही. वादक कोण आणि मुद्रणाचे वर्ष कोणते, हे सांगावेच लागते. नाहीतर ते खातेक्रमांकाविना खातेदाराचे नाव सांगण्यासारखे होते.

शिफारशीचा पहिला नियम मला आर्टूर श्नाबेल यांच्या मुद्रणांनी शिकवला. बीथोवनच्या पियानो सोनाटा बत्तीस. त्या सगळ्या प्रथम ध्वनिमुद्रित केल्या श्नाबेल यांनी, लंडनमध्ये, १९३२ ते १९३५ या काळात. व्यापारी वाचकांना यामागचा व्यवहार रुचेल. जगभर मंदी होती आणि अशा गंभीर संगीताच्या तबकड्या मोठ्या संख्येने काढणे कंपनीला जोखमीचे वाटत होते. तेव्हा वॉल्टर लेग नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तोडगा काढला, की आधी वर्गणीदार जमवावयाचे आणि पुरेसे जमले की मगच मुद्रण करावयाचे. १९३१ मध्ये ह्यूगो वोल्फ या संगीतकाराच्या गीतांसाठी पाचशे वर्गणीदारांची अट घालून ही योजना सुरू झाली. तीच पुढे बीथोवनच्या सोनाटांसाठी वापरली गेली. माल तयार नाही, नमुना ऐकलेला नाही, तरी केवळ वादकाच्या नावावर विश्वास ठेवून लोकांनी नाव नोंदवले.

आणि तो माल निर्दोष नव्हता. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे वादन मावे. त्यामुळे लांब रचनेचे तुकडे करून वाजवावे लागे. एखादा स्वर चुकला तर तेवढाच काढून नवा जोडण्याची सोय नव्हती. संपूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. श्नाबेल यांच्या मुद्रणांत चुकीचे स्वर राहिले आहेत. ‘हामरक्लाविअर’ या अवघड सोनाटाचा आरंभ त्यांनी बीथोवनने लिहिलेल्या धडकी भरवणाऱ्या गतीच्या जवळपास नेला आणि तेथे बोटे अनेकदा घसरली. तरीही हळू चालून अचूक राहण्यापेक्षा त्यांनी ती गती पत्करली. आमच्या बैठकीत हे मुद्रण मी आणले तेव्हा आधीच सांगितले, ‘खरखर आहे, चुका आहेत, पण ही रचना कोठे धाव घेते ते यात कळते.’ सर्वांनी ते नीट ऐकले. मालातला दोष आपण होऊन सांगितला की घेणारा बाकीच्या मालावर विश्वास ठेवतो, हे आपल्या वाचकांना मी सांगावयास नको.

दुसरा नियम शिकवला शिक्षिका बाईंनी. त्यांनी एकदा रुमानियन वादक दिनू लिपाती यांचे मुद्रण मला घरी ऐकावयास दिले. ‘फ्रान्समधील बेझाँसों, १६ सप्टेंबर १९५०,’ एवढेच सांगितले. मी ऐकले. आरंभी वादक पट्ट्यांवरून सहज हात फिरवून वाद्याची ओळख करून घेतो. मग बाख, मोझार्ट, शूबर्ट आणि शेवटी शोपाँचे वॉल्ट्झ. स्वर असे स्वच्छ आणि निवांत, की वाजवणारा मनुष्य सुखात असावा, असेच मला वाटले. मागाहून कळले, की लिपाती तेव्हा हॉजकिनच्या असाध्य आजाराने खंगलेले होते. चौदा वॉल्ट्झ वाजवावयाचे होते. तेरा झाले आणि चौदाव्यापुरती शक्ती उरली नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले.

मी बाईंना विचारले, ‘हे आधी का सांगितले नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘सांगितले असते तर तुम्ही आजार ऐकला असता. मला तुम्हांला पियानो ऐकवावयाचा होता.’ पुढे कधीही त्यांनी ‘आवडले ना?’ असे विचारले नाही. आपण आवडीची वस्तू देतो आणि दुसऱ्या दिवसापासून कौतुकाच्या वसुलीला निघतो. बाईंचा तो स्वभाव नाही.

तिसरा नियम मात्र मला माझ्या चुकीतून शिकावा लागला आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आमच्या कापडव्यापारी शेठजींच्या पत्नीचे निधन झाले. दोन महिने ते बैठकीला आले नाहीत. त्यांचे मन रमावे म्हणून मी माझे सर्वांत लाडके मुद्रण त्यांच्याकडे नेले. ते होते बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे. १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना. एक संथ, सुंदर धून, तिच्यावर बेतलेले तीस आविष्कार आणि अखेरीस पुन्हा तीच धून. १९५५ च्या जून महिन्यात बावीस वर्षांच्या ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीतील स्टुडिओत ती वाजवली आणि तो एकदम जगप्रसिद्ध झाला. सारी रचना सुमारे अडतीस मिनिटांत. बोटे अशी पळतात, की ऐकणाऱ्याचा श्वास राहू नये. मला त्या वादनाने नेहमीच उत्साह दिला होता. त्यांनाही देईल, असे मी गृहीत धरले.

चार दिवसांनी शेठजींनी ते परत केले. म्हणाले, ‘साहेब, राग मानू नका. हे फार घाईत आहेत. आमच्या घरी सध्या कुणाला घाई नाही.’

मी घरी येऊन बराच वेळ स्वस्थ बसलो. तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना ‘अर्जदाराची गरज काय?’ हा प्रश्न मी प्रथम विचारीत असे. मित्राच्या बाबतीत तोच विचारावयाचा राहिला. मी त्यांना काय हवे ते पाहिले नाही. मला काय प्रिय आहे ते नेऊन दिले.

ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा आमची विद्यार्थिनी काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने शेठजींना दुसरे मुद्रण पाठवले. सोबत एवढेच लिहिले, ‘काका, तीच रचना, तोच वादक, सव्वीस वर्षांनंतर. हवे तेव्हा ऐका. नाही ऐकले तरी चालेल.’ गूल्ड यांनी १९८१ मध्ये त्याच स्टुडिओत ही रचना पुन्हा मुद्रित केली होती. १९५५ मध्ये जी आरंभीची धून सुमारे दोन मिनिटांत आटोपली होती, तिला या वेळी तीन मिनिटे लागतात. एकूण वादन सुमारे एक्कावन्न मिनिटांचे. काही भाग पुनरावृत्तीमुळे वाढला आहे हे खरे. पण धूनच मुळी वेगळ्या पावलाने चालते. प्रत्येक स्वर ठेवून, क्षणभर त्याच्याकडे पाहून मग पुढचा स्वर. मधूनमधून वादकाचे गुणगुणणेही ऐकू येते. हे मुद्रण सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आले आणि ४ ऑक्टोबरला, पन्नास वर्षांचे असताना गूल्ड गेले.

शेठजी पुढे बैठकीला येऊ लागले. बऱ्याच दिवसांनी बोलता बोलता त्यांनी सांगितले, की रोज सकाळी दुकानात जाऊन गादीवर बसण्यापूर्वी ते ती पहिली तीन मिनिटे ऐकत. त्यापुढचे ऐकावयास त्यांना कित्येक आठवडे लागले. दोन मुद्रणांत श्रेष्ठ कोणते, यावर आमच्याकडे एकेकाळी चांगलीच वादावादी होई. त्या दिवसापासून तो वाद आम्ही घातलेला नाही.

वाचकांच्या घरी पियानो ऐकत असतील वा नसतील. गाणी सर्वत्र ऐकली जातात, आणि एका घरात चार माणसे चार इअरफोन लावून बसलेली दिसतात. महिन्यातून एखादी सायंकाळ अशी काढून पाहावी, की प्रत्येकाने एकच मुद्रण आणावे, कलाकाराचे नाव व वर्ष सांगावे, दोष असेल तर तोही सांगावा आणि मग गप्प राहावे. एक साधी वही ठेवावी; कोणी काय आणले याची नोंद राहते. आमच्या वहीचे पान चाळताना माणसे कोणत्या वर्षी कशी होती, हे मला पासबुकापेक्षा स्पष्ट दिसते.

गेल्या महिन्यात शेठजींचा दूरध्वनी आला. ‘साहेब, ते तुमचे घाईवाले पुन्हा द्याल का? नातवाची परीक्षा संपली आहे, त्याला ऐकवावे म्हणतो.’ मी या वेळी आधी विचारले, ‘आणि तुम्ही?’

‘मीही बसेन,’ ते म्हणाले.