अनुदान नंतर, आधी बिलाचे पैसे!

लघुउद्योगांसाठी नवी योजना जाहीर झाली की कर्ज, व्याजसवलत आणि अनुदानाचे आकडे झळकतात. मात्र भोसरी, वाळूज, सातपूर किंवा शिरोलीच्या कारखानदाराची पहिली अडचण वेगळीच असते. माल गेला, बिल गेले, पैसे आले नाहीत. या दुखण्यावर कायदा आहे. तो चालवण्याची मोठी जबाबदारी राज्य सरकारवर आहे आणि राज्य कमी पडते ते नेमके तिथेच.

थकबाकीने काय होते?

समजा, ५ लाखांचा माल दिला. त्यावर १८ टक्के दराने ९० हजार रुपये जीएसटी लागला. कच्च्या मालावरील कराची वजावट घेऊन उरलेला कर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. कामगारांचा पगार, वीजबिल, बँकेचा हप्ताही थांबत नाही. मग कारखानदार जादा व्याजाने पैसे उचलतो. म्हणजे मोठ्या कंपनीचे खेळते भांडवल छोटा उद्योजक स्वतःच्या खिशातून पुरवतो.

कायदा काय सांगतो?

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्के होते. ५ लाखांवर वर्षाला सुमारे ८९ हजार रुपये!

शिवाय आयकराचा ‘४३ बी (एच)’ नियम आला. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो.

हे संरक्षण कोणाला?

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना. मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेला उद्योग लघु ठरतो. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. थकबाकीच्या तरतुदींचा लाभ त्यांना मिळत नाही.

घोडे कुठे अडते?

तक्रार ऑनलाइन पोर्टलवर करता येते. ती जाते राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. निकालाला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर यापेक्षा भक्कम व्यवस्था शोधून सापडणार नाही.

पण परिषदेचे अध्यक्षपद उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याकडे असते. रोजचा कारभार सांभाळून सुनावण्या घ्यायच्या, तर तारखा लांबणारच. दुसरी अडचण भीतीची. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार करणार कोण? त्यामुळे बहुतेक जण संबंध तुटल्यावरच परिषदेची पायरी चढतात.

राज्याने काय करावे?

पहिले, परिषदांना पूर्णवेळ अधिकारी द्यावेत आणि प्रत्येक परिषदेत किती प्रकरणे ९० दिवसांपलीकडे रखडली, हे दर महिन्याला जाहीर करावे. दुसरे, आपल्या महामंडळांची व महापालिकांची देणी ‘ट्रेड्स’वर आणावीत. तिथे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका लगेच पैसे देतात. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची आहे. मग सरकारी खात्यांनी मागे का राहावे? तिसरे, ज्या कंपन्या राज्याकडून औद्योगिक प्रोत्साहने घेतात, त्यांना पुरवठादारांचे पैसे वेळेत दिल्याचा दाखला बंधनकारक करावा. यामुळे तक्रारदाराला पुढे येऊन वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

यासाठी तिजोरीवर फार बोजा पडत नाही. पण मोठ्या खरेदीदारांना आणि आपल्याच खात्यांना जाब विचारावा लागतो. अनुदान वाटण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच ते टळते.

तुम्ही हे करा

• माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करा.
• बिलावर आणि खरेदी ऑर्डरवर उद्यम क्रमांक व पैसे देण्याची मुदत लिहा.
• माल पोचल्याची सही, तारीख आणि चलन जपून ठेवा. मालाबाबत १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते.
• मुदत टळताच ईमेलने लेखी मागणी करा. फोनवरचे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ परिषदेपुढे पुरावा म्हणून टिकत नाही.