शर्यतीचा अंदाज आणि पैजेचा हिशेब

येडशीपासून महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. रामलिंगाच्या डोंगराशेजारच्या या गावाचा आणि जातिवंत घोड्यांचा संबंध काय, असा प्रश्न एके काळी गैरलागू ठरला नसता. आज तो गैरलागू आहे. फेब्रुवारीच्या प्रारंभी होणाऱ्या ‘इंडियन डर्बी’त कोणता घोडा पुढे येईल याचे भाकीत येडशीच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या हातातील दूरध्वनीवरही उमटते. अंदाज गावोगाव पोहोचला. हिशेब मात्र पोहोचला नाही. म्हणूनच हा विषय केवळ मुंबईकर शौकिनांचा राहिलेला नाही.

शर्यतीचा अंदाज बांधणे ही विद्या आहे, हे आम्ही नाकारीत नाही. घोड्याचे कूळ, त्याच्या मागील धावा, अंतर, मैदानाचा ओलावा, जॉकी आणि प्रशिक्षक यांचा अभ्यास करणाऱ्यास अडाण्यापेक्षा अधिक कळते. सर्वोच्च न्यायालयानेही 1996 साली लक्ष्मणन् खटल्यात घोड्यांच्या शर्यती हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. परंतु या निर्णयाचा आधार घेऊन पैज लावणारा सामान्य माणूस दोन गोष्टी विसरतो.

पहिली गोष्ट हँडिकॅपची. अशा शर्यतीत बलवान घोड्यावर जास्त वजन आणि दुबळ्यावर कमी वजन ठेवण्यात येते. सर्व घोडे शक्य तितके बरोबरीने पोहोचावेत, हाच त्यामागील हेतू. म्हणजे वजन ठरविणारा अधिकारी जितका कुशल, तितका भाकीत करणारा निष्प्रभ! दुसरी गोष्ट टोटची. टोटमध्ये जमलेल्या रकमेतून कपात होऊन उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. त्यामुळे ज्या घोड्याचे नाव सर्वांच्या तोंडी, तो जिंकला तरी प्रत्येकाच्या पदरी थोडेच पडते. छापून आलेली ‘खात्रीची टिप’ छापली जाताच आपले मोल गमावू लागते.

यात आता कराची भर पडली आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कराची तरतूद पक्की झाली; 22 सप्टेंबर 2025 पासून हा दर 40 टक्के झाला. शंभराच्या पैजेसाठी 140 रुपये मोजावे लागले, तर क्लबने एक पैसाही कापला नाही असे धरले तरी साऱ्या पैजकरांना मिळून त्यांतील शंभरच परत येतात. इतक्या तुटीवर मात करणारे कौशल्य किती जणांच्या ठायी असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मग या जबर करामुळे पैज सुटेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. कर भरणाऱ्या खिडकीकडून माणूस निघतो तो कर न भरणाऱ्या बुकीकडे जातो. तेथे पावती नाही, दाद नाही, आणि उधारीची वसुली कशी होते हे सांगण्याची गरज नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी ही गत. ब्रिटनने 2001 साली पैजेच्या रकमेवरील कर काढून पैज घेणाऱ्याच्या ढोबळ नफ्यावर कर बसविला. आपल्या अर्थखात्याने या मार्गाचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैजेला उत्तेजन मिळावे म्हणून नव्हे, तर ती उजेडात राहावी म्हणून.

सरकारच्या धोरणातही मेळ नाही. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या बंदीचा कायदा केला, तेव्हा कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूस सारला. मैदानावर मात 1912 च्या परवाना कायद्याखाली तोच खेळ मान्य. दोन्ही भूमिकांचे समर्थन करता येईल. पण ते कोणीतरी जनतेपुढे मांडले पाहिजे.

वृत्तपत्रांचाही या पापात वाटा आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. उद्याचे भाकीत ठळक अक्षरांत आणि कालच्या चुकीविषयी मौन, ही प्रथा सचोटीची नव्हे. प्रत्येक अंदाजाशेजारी त्याच लेखकाच्या मागील अंदाजांचे यशापयश आणि पैजेतून होणारी कपात छापली जावी. घोड्याची धाव डोळे भरून पाहावी. तिच्यात सौंदर्य आहे. पण महिन्याचा पगार तिच्यावर लावणाऱ्याने इतके ध्यानी घ्यावे, की हरला तर घोडा तबेल्यात परततो आणि त्याचा चारा चुकत नाही. पैज हरलेल्याच्या घरी ती हमी कोणी देत नाही.