निकाल लागला, कारणांचे काय?

जालना : जिल्ह्याच्या राजकारणाने २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या आत दोन टोके पाहिली. ४ जून रोजी जालना लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचे कल्याण काळे यांनी, १९९९ पासून सलग पाच वेळा विजयी झालेले भाजपचे रावसाहेब दानवे यांना पराभूत केले. २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या निकालात मात्र जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीकडे गेल्या. पहिल्या निकालाचे कारण म्हणून मराठा आंदोलनाकडे, तर दुसऱ्यासाठी 'लाडकी बहीण' योजनेकडे बोट दाखवण्यात आले. ही उत्तरे तपासायची कोणी? राज्यशास्त्राच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर येथेच दडले आहे.

साधी गोष्ट नकाशाची. लोकसभेचा जालना मतदारसंघ म्हणजे जालना जिल्हा नव्हे. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात, तर जिल्ह्यातील घनसावंगी आणि परतूर परभणी लोकसभा मतदारसंघात आहेत. आंदोलनाचे केंद्र ठरलेल्या अंतरवाली सराटीचा अंबड तालुकाही असाच विभागला गेला आहे. त्यामुळे लोकसभा आणि विधानसभेच्या निकालांची सरळ तुलना करणे फसवे ठरते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मतदान गुप्त असते. एकूण मतांवरून कोणत्या समाजाने कोणाला मत दिले, हे सिद्ध होत नाही. त्यासाठीच दिल्लीच्या 'सीएसडीएस' संस्थेचा 'लोकनीती' हा उपक्रम मतदार यादीतून नमुना निवडून मतदारांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतो. परंतु राज्यासाठी घेतलेला नमुना एका तालुक्याविषयी बोलू शकत नाही. संशोधनाची ही मर्यादा लोकांना सांगणे, हेही अभ्यासकांचेच काम आहे.

हा केवळ विद्यापीठीय काथ्याकूट नाही. मनोज जरांगे यांचे अंतरवाली सराटीतील उपोषण आणि जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत झालेले लक्ष्मण हाके यांचे उपोषण, यांमुळे गावागावांतील संबंध ताणले गेले. अशा वेळी 'अमुक समाजाने तमुकाला पाडले' हे बेजबाबदार विधान शेजाऱ्यांत वैर पेरू शकते.

घाईचा फटका अभ्यासकांनाही बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये 'लोकनीती'चे संजय कुमार यांनी रामटेक व देवळालीच्या मतदारसंख्येविषयीचे चुकीचे आकडे समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले आणि नंतर माफी मागून ते मागे घेतले. त्यावरून गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने पुढील कारवाईला स्थगिती दिली. वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास एका नोंदीने पणाला लागला.

मराठीत वाचकांशी थेट संवाद साधणारे सुहास पळशीकर यांच्यासारखे अभ्यासक आहेत. पण बरेच संशोधन इंग्रजी नियतकालिकांतच अडकते. निवडणूक यंत्रणेच्या 'फॉर्म २०' मध्ये केंद्रनिहाय मते उपलब्ध असतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे राज्यशास्त्र विभाग त्यांच्या आधारे दोन्ही निवडणुकांत गावोगावी काय बदलले, हे सोप्या मराठीत मांडू शकतात. त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहावे. पाहणीसाठी ज्या मतदाराचे दार ठोठावले जाते, त्याच्यापर्यंत निष्कर्ष त्याच्याच भाषेत पोहोचले, तर राज्यशास्त्राची महती वेगळी सांगावी लागणार नाही.