पुरावा जवानाने द्यायचा नाही, सरकारने द्यायचा आहे

माजी सैनिक बंधूंनो, वीरपत्नींनो, आणि ज्यांच्या घरातला एक तरी माणूस फौजेत गेला आहे अशा सर्व गावकऱ्यांनो,

फौजेच्या नोकरीत ज्याच्या शरीराला कायमची इजा झाली त्याला अपंगत्व पेन्शन मिळाली पाहिजे, याला कोणाचाच विरोध नाही. मंत्री भाषणात हेच सांगतात, अधिकारीही हेच सांगतात. भांडण आहे ते वेगळ्याच प्रश्नावर. इजा किंवा आजार नोकरीमुळे झाला, हे सिद्ध कोणी करायचे? नियम म्हणतो, जवानाने नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणते, जवानाने नाही. आणि तरीही सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांतले थकलेले हवालदार आणि नाईक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून पुराव्यासाठी वणवण फिरत आहेत. ही वणवण त्यांच्यावर लादण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही. एवढे एक सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

तोफखान्यातला एखादा जवान घ्या. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात तो भरती झाला तेव्हा फौजेच्याच डॉक्टरांनी त्याचे कान तपासले आणि धडधाकट म्हणून पास केले. पुढे पंधरा-सतरा वर्षे तो तोफेपासून चार हातांवर उभा राहिला. घरी जायची वेळ आली, रिलीज मेडिकल बोर्ड बसले, तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. बोर्डाने बहिरेपण मान्य केले. टक्केसुद्धा लिहिले. आणि शेजारच्या रकान्यात लिहिले की याचा सेवेशी संबंध नाही, सेवेने तो वाढलेलाही नाही. मग कान गेला कशाने? त्याचे उत्तर त्या रकान्यात नसते. काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचे एक पानाचे पत्र येते, त्यात तेच वाक्य छापलेले असते आणि खाली एक ओळ की मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. पत्र इंग्रजीत. बहुतेक जण ते देव्हाऱ्यामागे किंवा ट्रंकेत ठेवून देतात आणि एखाद्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागतात.

आता कायदा काय सांगतो ते नीट वाचा, दोनदा वाचा. सिग्नल कोअरचा एक शिपाई १९८५ मध्ये भरती झाला. १९९४ मध्ये त्याला फिट येतात म्हणून २० टक्के अपंगत्व लावून बोर्ड आउट केले, म्हणजे तब्येतीच्या कारणाने नोकरीतून काढले, आणि आजार सेवेशी संबंधित नाही म्हणून पेन्शन नाकारली. तो भांडत राहिला. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हाच तो धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार खटला. हे नाव पाठ करून ठेवा. न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरायचे; पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे धरायचे; सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लेखी द्यायची. ‘जन्मजात प्रवृत्ती’, ‘शरीराचाच दोष’ असे शेरे ही कारणे नव्हेत.

दुसऱ्या वर्षी, २०१४ मध्ये, सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. ज्याला फौजेने नोकरीतून बोर्ड आउट केले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या वर आहे असेच धरावे लागेल. साधी गोष्ट आहे. नोकरीला नालायक ठरण्याइतका माणूस अपंग आहे, आणि पेन्शनपुरता मात्र तो अपंग नाही, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येत नाही. बदलीचे ठिकाण शांत होते, सीमा जवळ नव्हती, या सबबीचाही निकाल लागला आहे. एवढ्याच कारणावर पेन्शन नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले.

पैशाचे गणित समजून घ्या, कारण ते कोणी समजावून सांगत नाही. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा हिस्सा मिळतो आणि टक्के कमी होतील तसा तो कमी होतो. पगार ४०,००० असेल तर शंभर टक्क्यांना १२,००० आणि वीस टक्क्यांना २,४००. पण पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्यावर असेल तर शंभर, असा नियम आहे. म्हणजे २,४०० चे ६,००० होतात, महागाई भत्ता वेगळा. हा नियम आधी फक्त बोर्ड आउट झालेल्यांना लावत. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही तो लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात ठरवले. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अजून २० किंवा ३० टक्केच दिसत असतील तर आजच अर्ज करा.

लढाईत जखमी झालेल्याचा हिशेब याहून वेगळा, आणि सगळ्यात मोठा अन्याय इथेच होतो. युद्धात किंवा सरकारने जाहीर केलेल्या ऑपरेशनमध्ये इजा झाली असेल तर साधी अपंगत्व पेन्शन नाही, वॉर इंज्युरी पेन्शन लागते. मुदत पूर्ण करून आलेल्याला तिथे ३० ऐवजी ६० टक्के, आणि बोर्ड आउट झालेल्याला पूर्ण पगाराच्या हिशेबाने. हा सगळा फरक युनिटच्या क्लार्कने त्या दिवशी पार्ट टू ऑर्डरमध्ये काय टाइप केले यावर ठरतो: ‘बॅटल कॅज्युअल्टी’ की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. तो शब्द टाइप झाला तेव्हा सुरुंगावर पाय पडलेला जवान बेशुद्ध होता. हेलिकॉप्टरने त्याला खाली आणले, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात नवा पाय बसवला. आपल्या नावापुढे कोणता शब्द छापला गेला हे त्याला वीस वर्षांनी कळते, आणि मग त्यालाच विचारतात, साक्षीदार कुठे आहेत? साक्षीदार त्याच्याच पलटणीत होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद सरकारच्याच कपाटात आहेत. ज्याच्या ताब्यात कागद, त्यानेच ते काढून दाखवायचे.

काही जण म्हणतात, अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेणारेही आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नावावर मोठे पगारदार निवृत्तीच्या तोंडावर टक्के लावून घेतात. कोणी खोटे केले असेल तर त्याच्यावर कारवाई करा, आमची हरकत नाही. पण मेडिकल बोर्ड सरकारचे, डॉक्टर सरकारचे. बोर्डावर अंकुश ठेवता येत नाही म्हणून सियाचीनवरून छातीचा विकार घेऊन आलेल्या शिपायाला नाही म्हणायचे, हा न्याय कुठला? याच संशयातून २०१९ मध्ये मुदत पूर्ण करून आलेल्यांच्या अपंगत्व पेन्शनवर प्राप्तिकर लावण्याचे परिपत्रक निघाले. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियमही आले. ते त्या तारखेनंतर घरी आलेल्यांसाठी आहेत. तुम्ही त्याआधी सुटला असाल आणि खिडकीवर कोणी नव्या नियमाचे नाव सांगून परत पाठवत असेल, तर ते लेखी मागा.

सरकार स्वतःच्याच जवानांविरुद्ध खटले लढते ही गोष्ट गावात सांगितली तर लोकांचा विश्वास बसत नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आले आणि २००९ मध्ये सुरू झाले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. तिथे जवान जिंकतो आणि त्यानंतर सरकार वरच्या न्यायालयात जाते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना हे त्यांना खटकले होते. असे खटले कमी करण्यासाठी त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. आज पर्रीकर नाहीत. खटले मात्र सुरूच आहेत.

१९६५ च्या लढाईत गोळ्या खाऊन १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक आणणारे आपल्या सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांच्यावर सिनेमा निघाला, आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या असतील तर आपल्या गल्लीतला जो जवान काठी टेकत चालतो त्याच्या फाईलचे काय झाले, हे एकदा त्याच्या घरी जाऊन विचारा.

आणि जवान भावांनो, उशीर करू नका. अपंगत्व पेन्शनच्या २००८ च्या नियमांत एक अट आहे. सुटून १५ वर्षे झाल्यावर दावा केला आणि तोवर सरकारी कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याचा भार उलटून तुमच्यावर येतो. त्याच वर्षीचा तरसेम सिंग निकालही लक्षात ठेवा. १९८३ मध्ये बोर्ड आउट झालेला माणूस १९९९ मध्ये न्यायालयात गेला. पेन्शन मिळाली, पण थकबाकी मिळाली ती दावा लावण्याच्या आधीच्या फक्त तीन वर्षांची. बाकीची वर्षे बुडाली. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडे रजिस्टर टपालाने अर्ज करा आणि मेडिकल बोर्डाच्या कागदांची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ ची, साक्षांकित प्रत मागा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला, बाकीच्यांनी आपापल्या रेकॉर्डला. मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. इंज्युरी रिपोर्ट आणि पार्ट टू ऑर्डर हेही त्याच अर्जात लिहा. पोचपावती जपून ठेवा. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हातात देऊ नका, आणि थकबाकीत टक्केवारी मागणाऱ्या दलालाला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. अर्ज लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे मदत मिळणे हा तुमचा हक्क आहे.

आमच्या मागण्या सरकारकडे दोनच आहेत. भरतीच्या वेळी ज्याला निरोगी म्हणून घेतले त्याला अपंग अवस्थेत घरी पाठवताना, पेन्शन नाकारायची असेल तर कारण मराठीत किंवा हिंदीत, त्याला समजेल असे, सहीनिशी लिहून द्या. कारण देता येत नसेल तर पेन्शन द्या. आणि न्यायाधिकरणात तो जिंकला तर पुन्हा त्याला कोर्टात ओढू नका.

जो खासदार या भागात मते मागायला येईल त्याला हे पत्रक द्या आणि संसदेत हा प्रश्न विचारणार का, ते सर्वांसमोर त्याच्या तोंडून वदवून घ्या. वाचून झाल्यावर पत्रक टाकू नका. शेजारच्या माजी सैनिकाला द्या, आणि त्याला वाचता येत नसेल तर त्याच्यापाशी बसून वाचून दाखवा.

आपले,
जिल्ह्यातील माजी सैनिक व वीरपत्नी