पावसाचा नकाशा आणि तापाचा केसपेपर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात त्याच वेळी 75 मिलिमीटरही नाही. एकाच शहरात एवढा फरक असेल, तर दोन वेधशाळांच्या आकड्यांवर पुराचे नियोजन होऊ शकत नाही. आयआयटी मुंबईतले प्रा. कपिल गुप्ता यांच्यासारख्या शहरी पुराच्या अभ्यासकांनी हे मांडले आणि मुंबईत पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2010 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक सांगितला आहे.

कळव्याकडे पाहिले की हे का हवे ते कळते. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून रेल्वे. डोंगरावरचे पाणी बघता बघता खाली येते आणि भरती असली की खाडी ते घेत नाही. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी तुंबले की ऐरोलीकडची वाट बंद. 19 जुलै 2021 रोजी घोलाईनगरात घरावर दरड कोसळून पाच जण गेले.

मात्र हे सगळे अभ्यास बहुतेक वेळा पाणी ओसरले की थांबतात. दवाखान्यातली गर्दी त्यानंतर वाढते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. ताप येतो तो साधारण पाच ते चौदा दिवसांनी. तोवर रस्ता कोरडा झालेला असतो आणि रुग्णही ते पाणी विसरलेला असतो. ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे; डेंग्यू समजून दिवस जातात आणि काहींचे प्रकरण काविळीवर, मूत्रपिंडावर जाते. 2005 च्या ऑगस्टमध्ये मुंबईने हे पाहिले आहे.

केसपेपरवर पत्ता असतो. गेल्या महिन्यात साचलेल्या पाण्यातून चाललात का, कुठे, कधी, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत तेवढी सवड मिळत नाही, हे खरेच. तरीही एक ओळ लिहायला फार वेळ लागत नाही. 1854 मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरांनी पटकीचे मृत्यू रस्त्यांच्या नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. तिथेही हाताशी होते ते मृतांचे पत्तेच.

नगररचनेच्या अभ्यासकांनी पुराच्या नकाशावर तापाच्या रुग्णांचे ठिपकेही टाकावेत, आणि रुग्णालयांनी नावे वगळून ती माहिती दर आठवड्याला त्यांना द्यावी. याचा उपयोग पुढच्याच पावसात होईल. पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन द्यायचे तर ते 72 तासांच्या आत द्यायला हवे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते सरसकट चालत नाही, त्यामुळे चौकात गोळ्या वाटून भागत नाही. घरोघरी विचारावे लागते. तीन दिवसांत आशा सेविका सगळ्या कळव्यात फिरू शकणार नाहीत. कुठल्या चाळीपासून सुरुवात करायची ते त्यांना पहिल्याच सकाळी सांगता आले पाहिजे.