मीठ कोणाचे, जागायचे कोणाला?



मतदानाच्या आदल्या रात्री गावात काय चालते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. लाइट जाते, की घालवली जाते, देव जाणे. कुत्री भुंकतात. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबते, यादी घेतलेले दोघे चालत येतात, घरातली मते मोजतात आणि पाकीट देऊन जातात. काही ठिकाणी बेलभंडार उचलायला लावतात, काही ठिकाणी तुळशीवर हात ठेवायला. सकाळी तोच माणूस बूथच्या बाहेर उभा राहून नुसता बघतो. बोलत काही नाही.

यावर शहरातले शहाणे म्हणतात, खेड्यातल्या मतदाराला नीतिमूल्ये राहिली नाहीत, तो पाचशे रुपयांत विकला जातो. आम्ही कित्येक वर्षे गावोगाव बैठका घेत फिरतो. आमचे मत नेमके उलटे आहे. कापूस-ज्वारीवाला शेतकरी मत देताना नीती सोडत नाही. तो ती पाळतोच, फक्त नको त्याच्याशी पाळतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. वेचणीचे दिवस, माणूस दिवसभर शेतात, म्हणून बैठक रात्री नऊला देवळाच्या ओट्यावर. भाव झाला, आयात झाली, कर्ज झाले, टाळ्याही पडल्या. लोक उठू लागले तेव्हा एक काकाजी जवळ आले. पाच एकर कोरडवाहू. तीन एकरांत पऱ्हाटी, बाकी तूर आणि ज्वारी. चळवळीतले जुने माणूस, रास्ता रोकोत काठ्या खाल्लेले. म्हणाले, "भाऊ, तुमचं सारं पटते. पण त्यायचं घेतलं हाये मी. आता त्यायले मत नाही देल्लं तं पाप नाही लागन का?"

आम्हाला त्या रात्री धड उत्तर देता आले नाही. 'घ्यायचे नव्हते' असे काहीतरी बोलून आम्ही सुटलो. पण काकाजींनी तर घेतले होते. त्यांचा प्रश्न घेतल्यानंतरचा होता.

हे काकाजी कसे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. कृषी केंद्राची उधारी बुडवलेली नाही. एका वर्षी खेडा खरेदीवाल्याला कापूस तोंडी देऊन बसले, दुसऱ्या दिवशी भाव शंभराने चढला, तरी शब्द फिरवला नाही. असा माणूस पाकीट घेतो तेव्हा त्याच्या मनात तो व्यवहार ठरतो, आणि ठरलेला व्यवहार मोडायचा नाही हे त्याच्या बापाने त्याला शिकवलेले आहे. पुढाऱ्याला हे पक्के माहीत असते. बेइमान माणसाच्या हातावर कोणी आगाऊ पैसे ठेवत नाही. पाकीट वाटणारा आपल्या इमानावर पैसे लावतो आणि निवडून येतो.

म्हणून काकाजींना द्यायचे उत्तर इमानाच्याच भाषेत दिले पाहिजे. समजा, काकाजी, तुमच्या सालगड्याला शेजाऱ्याने पाचशे रुपये दिले आणि सांगितले, आज रात्री माझी गुरे तुझ्या मालकाच्या ज्वारीत सोडतो, तू झोपेचे सोंग घे. सालगड्याने पैसे घेतले. रात्री त्याला जाग आली, मन खाऊ लागले, त्याने उठून गुरे हाकलली. त्याला पाप लागले का? शेजाऱ्याला दिलेला शब्द त्याने मोडला खरा. पण ज्याची भाकर खातो त्याच्या पिकाविरुद्ध दिलेला तो शब्दच नव्हता. गुरे हाकलली हेच त्याचे इमान.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. १८७२ च्या करार कायद्यातले कलम २३ सांगते की बेकायदा मोबदल्यावर किंवा बेकायदा कामासाठी केलेला करार मुळातच रद्द असतो. मतासाठी पैसे देणे हा गुन्हा आहे, तसा घेणे हाही. भारतीय न्याय संहितेत, कलम १७० आणि १७३ मध्ये, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. तेव्हा त्या पाकिटाने आपण कोणाला बांधले गेलो नाही. बेलभंडाराने या हिशेबात फरक पडत नाही, कारण देवाला चोरीच्या सौद्यात साक्षीला उभे करणारा आपण नसून तो आहे.

आता अवघड गोष्ट. सगळे मीठ पाकिटातले नसते. पुढाऱ्याने रात्री दोन वाजता जीप पाठवली म्हणून सून वाचली, असे घर प्रत्येक गावात आहे. हे उपकार खोटे नाहीत, आणि ते विसरा असे सांगणारा माणूस आम्हाला आवडणार नाही. ते जरूर फेडा. त्याच्या घरच्या लग्नात राबा, त्याच्या शेतात दोन दिवस डवरा धरा, त्याच्या घरी दुःख झाले तर सर्वांच्या आधी जा. पण हे उपकार तुमच्या घरावर झाले, आणि मत तुमच्या एकट्याच्या घराचे नाही. त्याने निवडून आलेला माणूस पाच वर्षे शेजाऱ्याच्या कापसाचेही बरेवाईट करणार असतो. स्वतःचे ऋण शेजाऱ्याच्या ढेपीने फेडता येत नाही. शिवाय जीप का लागली हे विचारले का? जवळच्या दवाखान्यात त्या रात्री डॉक्टर नव्हता. तो असावा म्हणून ज्याने पाच वर्षांत तोंड उघडले नाही, तोच जीपवाला असेल तर उपकाराचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

याच्या पुढची पायरी म्हणजे अख्ख्या गावाने मीठ खाणे. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन गावांत सरपंचपदाची बोली लागल्याच्या बातम्या आल्या. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेल्याचे छापून आले, खोंडामळीची ४२ लाखांवर. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. त्या पैशांतून मंदिराचे काम करायचे होते. आम्हाला सर्वांत जास्त खटकली ती हीच गोष्ट. पैसा कोणाच्या खिशात जाणार नाही, देवाच्या कामी लागेल, मग पाप कसले, असा सरळ विचार त्यामागे असावा. निवडणुकीतली भांडणे टळतील, खर्च वाचेल, हेही असेल. पण ज्याच्याकडे एवढा पैसा नाही त्या कोरडवाहू माणसाचा सरपंच होण्याचा हक्क त्या बोलीत विकला गेला, आणि तो विकायचा अधिकार बोली लावणाऱ्यांना कोणी दिला नव्हता. देऊळ वर्गणीने बांधावे. आपल्या आज्यांनी तशीच बांधली.

जातीचे मीठही आहेच. आपला माणूस पडू द्यायचा नाही, ही भावना भाऊबंदकीच्या मायेतून येते, म्हणून ती वाईट वाटत नाही. पण बाजार समितीत गाडी लावल्यावर व्यापारी जात बघून भाव देत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला निकाल दिला की उमेदवाराच्या काय किंवा मतदाराच्या काय, धर्माच्या, जातीच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. चार विरुद्ध तीन असा निकाल. म्हणजे तिथेही सगळ्यांचे एकमत झाले नाही, मग गावात कसे होणार!

आणि सरकारचे मीठ? पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार. हे घेणे गुन्हा नाही, ज्यांना मिळतात त्यांनी संकोच न करता घ्यावेत. आमच्या काही बहिणी मात्र म्हणतात, ज्याने दिले त्याला नाही म्हणवत नाही. मायबाई, दिले कोणी? खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे. बोंडअळीसाठी दहा हजारांचे औषध फवारले की अठराशे रुपये तिजोरीत गेले. डिझेलचे वेगळे. तिजोरीतले मीठ आपल्याच रानातून गेलेले आहे. ते परत आले म्हणून आणणाऱ्या पोस्टमनचे पाय कोणी धरत नाही.

सुटका नाही असे मात्र समजू नका. महाराष्ट्रात एक मतदान असे आहे की त्यात कोणाचे मीठ चालत नाही. आडवी बाटली, उभी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के बायांनी सह्या करून मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेतात, आणि यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होते. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. इतकी कडक अट असूनही गावागावांतल्या बायांनी दुकाने बंद पाडली. तेव्हा नवऱ्याचा धाक होता, दुकानदाराचे पैसे होते, जातही होती. पण रात्री घरात काय घडते ते तिला ठाऊक होते आणि तिने त्याच माहितीवर शिक्का मारला. (चोरटी दारू नंतर येतेच, ते भांडण वेगळे.)

आपल्याला कापसाच्या बाबतीत एवढेच करायचे आहे. उमेदवार माळकरी आहे, निर्व्यसनी आहे, हे चांगलेच. त्याच्यावर खटले किती, मालमत्ता किती, हे त्याच्या प्रतिज्ञापत्रात वाचायला मिळते. जे मिळत नाही ते विचारावे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी आणि विक्री नेमकी त्यात सापडली. लांब धाग्याचा हमीभाव ८११० जाहीर होता. संसदेत यावर मतदान झाले नाही, नुसती अधिसूचना निघाली. पण आपल्या खासदाराला, आमदाराला तोंड होते. ते उघडले का, कुठे आणि काय बोलला, एवढे विचारावे. उत्तर देताना तो विषय बदलून देवाधर्मावर गेला, तर तेही उत्तरच समजावे.

आमच्या जिल्हा कार्यकारिणीत यावर वाद आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, पैसे घ्या आणि मत हवे त्याला द्या, लुटलेलेच परत येते. आम्हाला हे पटत नाही. घेणारा कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि वाटलेला पैसा रस्त्याच्या कामातून दुपटीने वसूल होतो. शिवाय एकट्याचे मत गुप्त असले तरी बूथचे गुप्त नाही. मतमोजणीत बूथवार आकडे बाहेर येतात, मग फितूर गाव ओळखून पांदण रस्ता अडवतात. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजण्याचे साधन निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला, तरी ते वापरात आलेले नाही. ही मागणी आपल्या ठरावात असावी असे आम्हाला वाटते. बाकी वाद सभेत उघड होऊ द्या.

सालगड्याची गोष्ट आम्ही नंतर काकाजींना जाऊन सांगितली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे दरवाज्यातूनच वापस लावा लागन." आणि थोड्या वेळाने, "पण रातच्याले एकट्या घरानं नाही जमत भाऊ थे. गल्लीतले चार घरं सोबत पायजेत." त्यांच्या गल्लीत अकरा घरे आहेत. तिघांशी ते बोलले आहेत, चौथा अजून विचार करतो आहे.