तळाशी कुणाची खूण?

परवा आमच्या उमरग्यात शेजारच्या आजी माळा आवरत होत्या. भंगारवाला दारात उभा. त्याच्या पुढ्यात एक काचेचं नक्षीदार भांडं आणि एक काळवंडलेला कंदील. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर पडलं, तेव्हा ढिगाऱ्यातून एवढ्याच दोन वस्तू धड निघाल्या होत्या!

"भांडं विलायती आहे हं," आजी म्हणाल्या, "ते राहू दे. कंदील न्या."

म्हटलं, आजी, थांबा! आधी तपास करू.

भांड्यावरून हळूच बोट फिरवलं. बाहेर नक्षी, आतून गुळगुळीत, आणि वरून खाली जाणारी एक बारीक रेघ. म्हणजे ही दाबाची काच! लोखंडी साच्यात वितळलेली काच घालून वरून दट्ट्या दाबतात. साच्याचे भाग जिथे जुळतात, तिथे ही रेघ उमटते. हाताने कापलेल्या नक्षीची धार बोटाला लागते, साच्यातली बोथट असते.

आता खूण शोधायची. त्यासाठी भांडं तिरप्या उजेडात धरा. इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या सॉवर्बी कारखान्याची खूण मोराचं डोकं, १८७६ साली नोंदवलेली. तिथल्याच डेव्हिडसनचा सिंह बुरुजातून डोकावतो. संडरलंडच्या ग्रीनरचा सिंह पंजात आधी तारा धरायचा, पुढे कुऱ्हाड! कधी पतंगाच्या आकाराची चौकट दिसते. ती १८४२ ते १८८३ या काळात नक्षीची सरकारी नोंद झाल्याची खूण. १८८४ पासून चौकट गेली आणि 'आरडी' अक्षरांपुढे नुसता आकडा आला.

पण फसू नका हं! ही तारीख नक्षीच्या नोंदीची, भांड्याच्या जन्माची नव्हे. एकच साचा वर्षानुवर्षं चालायचा, कधी दुसऱ्या कारखान्याला विकलाही जायचा.

आजींच्या भांड्यावर काय निघालं? काहीच नाही! कित्येक कारखाने खूण करतच नसत. मग वहीत काय लिहायचं? 'कारखाना माहीत नाही.' उगाच 'विलायती' असं ठोकून द्यायचं नाही.

आणि कंदील? टाकीवरची काजळी पुसली, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. अक्षरं उमटली: प्रभाकर!

हा तर आपला कंदील! ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या मदतीने कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली. परदेशी काचेच्या त्या जमान्यात त्यांनी कंदिलाच्या काचा इथे बनवल्या, पुढे अख्खा कंदील बनवला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. वीज नव्हती तेव्हा त्याच्या उजेडात किती मुलांनी अभ्यास केला असेल! आज तो कारखाना बंद आहे. उरलीत ती ही अक्षरं.

आजी कितीतरी वेळ कंदिलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्याच उजेडात मी पाढे पाठ केले की रे!" भंगारवाला हसत पुढे गेला.

तुमच्याही माळ्यावर बघा. कागदावर ठसा घ्या, आणि शेजारी लिहा: वस्तू कुणी वापरली, कुठून आणली. खूण काचेवर राहते. ही माहिती मात्र आजीजवळच असते. आजच विचारा. विचाराल ना?